मान्य मूल्यांची यादी स्पेकच्या आत ठेवावी की बाहेर?

तळटीप

आमच्या गटात एका डेटा फॉरमॅटच्या स्पेकचा (नियमांच्या दस्तऐवजाचा) मसुदा चालू आहे. त्यात 'प्रकार' नावाचं एक फील्ड आहे आणि त्याला ठरावीकच मूल्यं चालतील असं लिहायचंय: लेख, ध्वनी, चित्रफीत, डेटासंच वगैरे. बाकी सगळ्यावर एकमत झालं, घोडं अडलंय ते या एका तक्त्यावर. निम्म्या लोकांचं म्हणणं, तक्ता स्पेकमध्येच छापा, वाचणाऱ्याला सगळं एका जागी मिळेल. मला ते पटत नाही. नियम वर्षानुवर्षं टिकतात, यादी मात्र सतत वाढत राहते. दोन्ही एकाच दस्तऐवजात बांधले की एक नवा शब्द घालायलाही स्पेकची नवी आवृत्ती काढावी लागते. तेवढी यातायात कोणी करत नाही, मग शब्द बाहेरच राहतो आणि लोक आपापल्या मनाने काहीतरी वापरायला लागतात.

याचं उदाहरण म्हणून मी नेहमी डब्ल्यूसीएजी २.१ कडे, म्हणजे वेबसाइट अपंगांनाही वापरता याव्यात (ॲक्सेसिबिलिटी) यासाठीच्या नियमांकडे, बोट दाखवतो. जून २०१८ मध्ये आलेल्या त्या आवृत्तीत १.३.५ हा निकष नवा होता. वापरकर्त्याबद्दलची माहिती विचारणाऱ्या फील्डचा हेतू यंत्राला कळला पाहिजे, असं तो सांगतो. कुठले हेतू? त्यासाठी एचटीएमएलच्या ऑटोकम्प्लीट टोकनांवरून (फॉर्म आपोआप भरण्यासाठीच्या ठरावीक शब्दांवरून) घेतलेली ५३ हेतूंची यादी थेट त्या दस्तऐवजाच्या सातव्या विभागात बसवली. 'गिव्हन-नेम', 'फॅमिली-नेम', 'बीडे' (जन्मतारीख), 'सीसी-नंबर' (कार्डाचा क्रमांक) असे सगळे त्यात आहेत. मूळ एचटीएमएल स्टँडर्ड मात्र लिव्हिंग स्टँडर्ड आहे, ते पुढे सरकत राहिलं. त्यात नंतर 'वन-टाइम-कोड' आलं, फोनवर आलेला ओटीपी आपोआप भरला जातो तो याच टोकनामुळे. डब्ल्यूसीएजीच्या यादीत ते नाही. ऑक्टोबर २०२३ च्या २.२ मध्येही यादी ५३ चीच राहिली. म्हणजे एकाच गोष्टीच्या दोन याद्या, एक चालती आणि एक थांबलेली, आणि फॉर्म लिहिणाऱ्याला दोन्ही बघाव्या लागतात.

डब्ल्यूसीएजी काढणाऱ्या वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमलाही ही अडचण जाणवली असणार. नोव्हेंबर २०२१ च्या प्रोसेस डॉक्युमेंटमध्ये त्यांनी रजिस्ट्रीसाठी, म्हणजे स्पेकबाहेर सांभाळायच्या मूल्यांच्या यादीसाठी, वेगळा ट्रॅक (मंजुरीची वाट) काढला. रजिस्ट्रीची व्याख्या एकदा सर्वानुमते ठरवायची: कोणते रकाने, नोंद कशी करायची, सांभाळणारा कोण. त्यानंतर तक्त्यातले बदल त्या व्याख्येनुसार होतात, दर वेळी सगळं चक्र फिरवावं लागत नाही. वेबकोडेक्स या ब्राउझरमधल्या ध्वनी-चित्रफीत सुविधेची कोडेक रजिस्ट्री याच वाटेने चालली आहे. मला आमच्या स्पेकसाठी हीच मांडणी योग्य वाटते. ज्यांनी असं काम केलंय त्यांनी कृपया लिहावं, विशेषतः माझ्या विरुद्ध मत असेल तर.

मोजपट्टी

विरुद्ध मत आहे, म्हणून लिहितेय. मी ॲक्सेसिबिलिटी ऑडिट करते. तुम्ही ज्याला थांबलेली यादी म्हणताय, तिच्यावरच आमचं काम उभं आहे. युरोपच्या ईएन ३०१ ५४९ या मानकाने २०१८ च्या आवृत्तीत डब्ल्यूसीएजी २.१ आत घेतलं आणि त्या मानकाचा आधार कायदेशीर पूर्ततेला लागतो. समजा १.३.५ ची यादी बाहेरच्या चालत्या पानावर असती. सोमवारी ज्या साइटला मी 'पूर्तता आहे' असा अहवाल दिला, ती कोणीही हात न लावता गुरुवारी नापास झाली असती, कारण मधल्या काळात कोणीतरी यादीत एक ओळ वाढवली. हे कुठल्याच अहवालात लिहिता येत नाही.

आणखी एक बारकावा. डब्ल्यूसीएजी त्या ५३ नोंदींना हेतू म्हणतं, वापरायलाच हवीत अशी टोकनं म्हणत नाही. हे त्या विभागाच्या सुरुवातीलाच स्पष्ट लिहिलंय. शिवाय ओटीपी ही वापरकर्त्याबद्दलची माहिती आहे का, हाही प्रश्न आहेच. तेव्हा 'वन-टाइम-कोड' तिथे नसणं ही चूकच आहे असं मी म्हणणार नाही. उदाहरण चांगलं आहे, पण त्यातून तुम्ही काढलेला निष्कर्ष सगळ्या याद्यांना लागू होत नाही.

तळटीप

@मोजपट्टी, हेतू आणि टोकन यातला फरक मान्य, मी तो सैल लिहिला. पण तारखेचा प्रश्न यादी बाहेर ठेवूनही सुटतो ना? रजिस्ट्रीच्या प्रत्येक बदलाला तारीख द्यायची आणि पूर्तता 'अमुक तारखेच्या यादीनुसार' अशी मोजायची.

मोजपट्टी

सुटतो, पण स्पेकमध्ये तसं वाक्य लिहिलं तरच. तारखेच्या जुन्या प्रती कायमच्या पत्त्यावर मिळत राहिल्या पाहिजेत, हेही त्यातच आलं. बहुतेक रजिस्ट्रींची फक्त आजची अवस्था सहज दिसते.

निळीशाई

आत की बाहेर हा वाद मला दुय्यम वाटतो. तळटीप, तुमच्या मसुद्यात सगळ्यात आधी शोधायचं वाक्य वेगळंच आहे: वाचणाऱ्या सॉफ्टवेअरला यादीत नसलेलं मूल्य दिसलं तर त्याने काय करायचं? यादी वाढणार हे गृहीत असेल तर जुनं सॉफ्टवेअर आणि नवं मूल्य यांची गाठ पडणारच. ती पडल्यावर काय व्हावं हे पहिल्या दिवशी ठरलं नाही, तर नंतर यादी कुठेही ठेवा, ती वाढवता येत नाही.

एचटीटीपीने, म्हणजे ब्राउझर आणि सर्व्हर यांच्या संवादाच्या नियमांनी, हे फार छान सोडवलंय. स्टेटस कोडचा (सर्व्हरच्या उत्तरातल्या तीन अंकी क्रमांकाचा) पहिला अंक म्हणजे वर्ग. अनोळखी कोड आला तर क्लायंटने तो त्या वर्गाच्या शून्य-शून्य कोडसारखा समजायचा. आरएफसी ९११० मध्ये (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या नियमांचे क्रमांकित दस्तऐवज) ४७१ चं उदाहरण दिलंय: असा कोड माहीत नसेल तर तो ४०० धरून चाला. म्हणून २०१६ मध्ये ४५१ हा नवा कोड आला तेव्हा जुनं काही मोडलं नाही. एचटीएमएलमध्ये इनपुटचा टाइप ओळखता आला नाही की ब्राउझर साधी मजकुराची चौकट दाखवतो. 'डेट' आणि 'कलर' हे टाइप नवे होते तेव्हा जुन्या ब्राउझरमध्ये निदान टाइप तरी करता येत होतं. पानावरचा घटक काय आहे हे सहाय्यक साधनांना सांगणाऱ्या एआरआयएच्या रोलमध्ये तर एकापुढे एक अनेक टोकनं लिहिता येतात, ब्राउझर त्यातलं ओळखीचं पहिलं घेतो.

पण नियम नुसता लिहून भागत नाही, तो सतत वापरात राहावा लागतो. टीएलएसचा, म्हणजे कनेक्शन सुरक्षित करणाऱ्या नियमांचा, अनुभव बघा. अनोळखी मूल्यांकडे दुर्लक्ष करा असं स्पेकमध्ये स्वच्छ लिहिलेलं होतं. तरी वाटेतल्या कितीतरी उपकरणांनी आणि सर्व्हरांनी फक्त तेव्हा प्रचलित असलेली मूल्यं गृहीत धरून कोड लिहिला आणि नवा आवृत्ती क्रमांक दिसला की कनेक्शन तोडायला सुरुवात केली. अखेर २०१८ मध्ये टीएलएस १.३ आलं तेव्हा जुनं आवृत्तीचं फील्ड १.२ च्या मूल्यावर कायमचं गोठवावं लागलं आणि खरी आवृत्ती एका वेगळ्या एक्स्टेन्शनमध्ये सांगावी लागली. एक आख्खं फील्ड वाया गेलं, कारण त्याची यादी बदलताना क्वचितच कोणी पाहिली होती.

त्यातून ग्रीझ ही युक्ती आली, आरएफसी ८७०१, जानेवारी २०२०. त्यात १६ मूल्यं मुद्दाम निरर्थक म्हणून राखून ठेवली आहेत. ब्राउझर त्यातलं एखादं मनाला येईल तसं निवडून हँडशेकमध्ये (कनेक्शन सुरू होतानाच्या बोलणीत) पाठवतो. ज्या सर्व्हरला अनोळखी मूल्य पचत नाही त्याचा दोष आज, चाचणीतच उघडा पडतो. बिजागरी गंजू नये म्हणून दार अधूनमधून उघडत राहावं, तसंच हे. तुमच्या 'प्रकार' फील्डसाठीही चाचणी संचात दोन-चार अशी राखीव मूल्यं घाला. माझी ही एकच कळकळीची सूचना आहे.

पहिलंपान

वाचतोय, खूप शिकायला मिळतंय. एक प्राथमिक प्रश्न विचारू का? या रजिस्ट्री नक्की कोण सांभाळतं? कोणीही उठून नोंद करू शकतं की परवानगी लागते?

सावली

@पहिलंपान, प्रश्न प्राथमिक नाही, मुळावरचा आहे. थोडं मागे जाऊन सांगतो.

इंटरनेटचे क्रमांक आणि नावं वाटण्याचं काम सुरुवातीच्या काळात जॉन पोस्टेल यांच्याभोवती उभं राहिलं. मे १९७२ च्या आरएफसी ३४९ मध्येच त्यांनी सॉकेट क्रमांकांची नोंद एका ठिकाणी ठेवावी असं सुचवलं होतं. पुढे त्याच कामाला आयएएनए हे नाव मिळालं. तळटीप यांचा वाद तेव्हाही होताच. यादी 'असाइन्ड नंबर्स' या नावाने आरएफसी म्हणून छापली जायची आणि काही काळाने जुनी रद्द करून नवी यायची. अशी शेवटची यादी म्हणजे ऑक्टोबर १९९४ ची आरएफसी १७००, दोनशेहून जास्त पानांची. त्यानंतर यादी ऑनलाइन डेटाबेसमध्ये सांभाळली जाऊ लागली आणि जानेवारी २००२ मध्ये आरएफसी ३२३२ ने ते अधिकृत केलं: १७०० आता इतिहासजमा, डेटाबेस बघा. मधल्या काळात कितीतरी लोक १७०० हीच खरी यादी समजून तिच्यावरून कोड लिहीत राहिले. छापील तक्त्याचा खरा धोका हा. तो शिळा झालाय हे त्याच्याकडे बघून कळत नाही.

आता परवानगीचं. आरएफसी ८१२६ मध्ये, जून २०१७ ची आहे, नोंदणीची धोरणं नावानिशी दिली आहेत. एका टोकाला 'प्रथम येणाऱ्यास प्रथम': अर्ज करा, नाव मोकळं असेल तर तुमचं. दुसऱ्या टोकाला 'स्टँडर्ड्स ॲक्शन', म्हणजे त्या मूल्यासाठी इंटरनेटची मानकं ठरवणाऱ्या आयईटीएफमध्ये रीतसर स्टँडर्ड संमत व्हायला हवं. मधल्या जागेत 'एक्स्पर्ट रिव्ह्यू', नेमलेला तज्ज्ञ अर्ज बघतो, आणि 'स्पेसिफिकेशन रिक्वायर्ड', म्हणजे तज्ज्ञ तर बघतोच, शिवाय मूल्याचा अर्थ सांगणारा कायमस्वरूपी दस्तऐवजही लागतो. निवड जागा किती दुर्मिळ आहे त्यावरून करायची. आठ बिट्सच्या फील्डमध्ये २५६ मूल्यं, तिथे कडक राहावंच लागतं. अक्षरांची नावं अमर्याद आहेत, तिथे उगाच कडक राहिलात तर लोक नोंदणी न करताच वापरतात आणि मग रजिस्ट्री खरी राहत नाही.

अगदी मोकळ्या टोकाचाही प्रयोग झालाय. एचटीएमएल५ च्या काळात मेटा टॅगच्या (पानाबद्दलची माहिती देणाऱ्या खुणेच्या) नावांची यादी चक्क विकीवर होती, कोणीही नोंद घालावी, आणि व्हॅलिडेटरने (पान नियमाला धरून आहे का ते तपासणाऱ्या साधनाने) त्या पानावरून ठरवावं की नाव चालेल की नाही. स्पेकमध्ये तसं लिहिलेलं होतं. 'प्रस्तावित', 'मान्य', 'बंद' असे दर्जे होते. ज्या नावाचा महिनाभर काहीच वापर दिसला नाही ते काढायची मुभा होती.

चौकट

सावलींच्या शेवटच्या वाक्यांना जोडून. रजिस्ट्री खरी राहत नाही याचं माझ्या मते सगळ्यात बोलकं उदाहरण जावास्क्रिप्टच्या मीडिया टाइपचं (फाइल कोणत्या प्रकारची हे सांगणाऱ्या नावाचं) आहे. २००६ मध्ये आरएफसी ४३२९ ने 'टेक्स्ट/जावास्क्रिप्ट' कालबाह्य ठरवलं आणि 'ॲप्लिकेशन/जावास्क्रिप्ट' वापरा असं सांगितलं. तर्काला धरून होतं, पण वेबवर पडून असलेली असंख्य पानं आणि सर्व्हर 'टेक्स्ट/जावास्क्रिप्ट'च पाठवत राहिले आणि ब्राउझरही ते चालवत राहिले. मे २०२२ मध्ये आरएफसी ९२३९ ने निर्णय फिरवला: आता 'टेक्स्ट/जावास्क्रिप्ट' हेच प्रमाण आणि बाकीची नावं कालबाह्य. या सोळा वर्षांत जो रजिस्ट्रीचं ऐकत होता तो प्रत्यक्षाच्या उलट दिशेने चालत होता. शहाण्यासारखं वागणाऱ्यालाच त्रास, हे मला फार लागतं.

वेबपी या चित्रांच्या फॉरमॅटचंही तसंच. फॉरमॅट २०१० चा, सगळे ब्राउझर दाखवायला लागले, पण 'इमेज/वेबपी'ची औपचारिक नोंद झाली ती नोव्हेंबर २०२४ च्या आरएफसी ९६४९ ने. तोवर ते नाव वापरात होतं पण यादीत नव्हतं. म्हणून माझा आग्रह असा की नोंदणीचा उंबरठा कमीत कमी ठेवा. अर्थ काय आणि विचारायचं कोणाला, एवढं सांगितलं की नोंद द्या. नाव सुंदर आहे का, अशा नावाची गरज आहे का, यावर अडवू नका.

मात्र एक अपवाद सांगतो, जिथे यादी बंदच पाहिजे. कॅरेक्टर एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं आकड्यांत साठवायची पद्धत. आयएएनएच्या यादीत शेकडो नावं आहेत. एचटीएमएल स्टँडर्ड सांभाळणाऱ्या व्हॉटडब्ल्यूजीच्या एन्कोडिंग स्टँडर्डने त्यातली वेबला लागतात तेवढीच घेतली, कुठलं लेबल कशाला लागू ते ठरवलं आणि दार लावून टाकलं. नवीन काहीही करायचं तर यूटीएफ-८. तिथे 'लॅटिन१' आणि 'अस्की' ही लेबलंसुद्धा विंडोज-१२५२ कडे जातात, कारण ब्राउझर प्रत्यक्षात तेच करत आले होते. प्रत्येक नवं एन्कोडिंग म्हणजे मजकूर चुकीचा वाचला जाण्याची नवी शक्यता. अशा यादीत भर पडत नाही हाच तिचा गुण.

दिशा

नोंद काढून टाकण्याबद्दल कोणीच बोललं नाही. माझ्या अनुभवात भर घालण्यापेक्षा तेच जास्त घातक.

आयएसओ ३१६६ या देशांच्या कोडांच्या मानकात 'सीएस' हा कोड चेकोस्लोव्हाकियाचा होता. देशाचं विभाजन झालं, कोड मागे घेतला गेला. २००३ मध्ये तोच कोड सर्बिया आणि माँटेनेग्रोला दिला. ज्यांच्या डेटामध्ये जुन्या नोंदी होत्या त्यांच्याकडे एका रात्रीत त्या नोंदींचा देश बदलला, डेटाला कोणी हात न लावता. भाषेच्या टॅगचं स्टँडर्ड, बीसीपी ४७, याने यावरून धडा घेतला. २००६ पासून त्याची स्वतःची रजिस्ट्री आहे. त्यात एकदा आलेला सबटॅग (टॅगचा एक तुकडा) कधीच काढत नाहीत. 'डेप्रिकेटेड' अशी तारीख लागते, शक्य असेल तिथे 'याऐवजी हे वापरा' असा रकाना भरतात, पण ओळ तिथेच राहते आणि अर्थही तोच राहतो. आयएसओने पुढे कोड पुन्हा वाटला तरी रजिस्ट्री मागे जात नाही.

नाव बदलणंही किती काळ पुरतं बघा. हिब्रू भाषेचा 'आयडब्ल्यू' हा कोड १९८९ मध्ये 'एचई' झाला. जावा मात्र सुसंगतीसाठी आतल्या आत 'एचई'चं 'आयडब्ल्यू' करत राहिलं. ते बदललं जेडीके १७ मध्ये, २०२१ साली. तळटीप, 'काढलेलं नाव पुन्हा कधीही दुसऱ्या अर्थाने वापरलं जाणार नाही' हे वाक्य मसुद्यात आहे का?

वाटसरू

बाहेरच्या यादीची एक व्यावहारिक बाजू राहिली. यादी यंत्राला वाचता येईल अशा पत्त्यावर ठेवलीत की लोक ती दर वेळी तिथूनच ओढतात. वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने २००८ मध्ये जाहीर केलं होतं की त्यांच्या सर्व्हरवर डीटीडीसारख्या (दस्तऐवजाची रचना सांगणाऱ्या) फाइलींसाठी दिवसाला १३ कोटींपर्यंत विनंत्या येतात. त्या फाइली बदलतसुद्धा नव्हत्या. पत्ता दिसला की ओढा, एवढंच त्या सॉफ्टवेअरांना माहीत होतं. तुमच्या यादीला तो भार झेपणार आहे का?

उलट बाजूचं दुखणं पब्लिक सफिक्स लिस्टमध्ये दिसतं. कुठल्या डोमेनखाली वेगवेगळे मालक राहतात हे ती सांगते, ब्राउझर त्यावरून कुकी (साइटने ब्राउझरमध्ये ठेवलेली छोटी माहिती) कुठवर जाऊ द्यायची ते ठरवतात. मोझिलाने सुरू केली, आता पुल रिक्वेस्टने (बदल सुचवून मंजूर करून घ्यायच्या पद्धतीने) चालते. सॉफ्टवेअरं तिची प्रत आपल्या पोटात घेऊन बाहेर पडतात आणि मग ती प्रत तशीच राहते. नवं होस्टिंग डोमेन यादीत आलं तरी जुन्या प्रतीला त्याचा पत्ता नसतो. तिच्या दृष्टीने त्या डोमेनखालच्या दोन परक्या माणसांच्या साइट एकाच मालकाच्या ठरतात आणि एकाची कुकी दुसऱ्याच्या हाती पडू शकते. इथे शिळी यादी म्हणजे थेट सुरक्षेचं भगदाड. म्हणून किती वेळाने प्रत ताजी करायची हेही स्पेकमध्ये लिहा.

तळटीप

सगळ्यांचे मनापासून आभार. दिशा, ते वाक्य नव्हतं. निळीशाई, अनोळखी मूल्याचा नियमही नव्हता. आज बसून मसुदा बदलला. मुख्य कलमं अशी:

"वाचणाऱ्या प्रणालीला 'प्रकार' फील्डमध्ये रजिस्ट्रीत नसलेलं मूल्य आढळल्यास तिने ते 'इतर' असल्याप्रमाणे हाताळावं. मूळ मूल्य जसंच्या तसं जपावं आणि पुढे पाठवताना बदलू नये."

"रजिस्ट्रीतली नोंद काढली जाणार नाही. तिचा दर्जा 'वापरू नये' असा करता येईल. कोणत्याही नोंदीचा अर्थ बदलला जाणार नाही आणि नाव दुसऱ्या अर्थाने पुन्हा दिलं जाणार नाही."

"पूर्ततेचा दावा करताना रजिस्ट्रीच्या प्रतीची तारीख नमूद करावी. प्रत्येक तारखेची प्रत कायमस्वरूपी पत्त्यावर उपलब्ध राहील. प्रणालींनी प्रत स्वतःकडे साठवावी आणि प्रत्येक वापराच्या वेळी मागवू नये."

नोंदणीचं धोरण 'स्पेसिफिकेशन रिक्वायर्ड' ठेवलंय. ज्यांना नोंद नको असेल त्यांनी 'एक्स-' जोडून स्वतःचं मूल्य वापरावं, असंही एक कलम आहे.

सावली

शेवटचं कलम कृपया काढा. 'एक्स-' चा अनुभव जगभर घेऊन झालाय आणि जून २०१२ मध्ये आरएफसी ६६४८ ने ती प्रथा नव्याने सुरू करू नका असं स्पष्ट सांगितलंय. तात्पुरतं नाव लोकप्रिय झालं की 'एक्स-' काढता येत नाही, मग दोन्ही नावं कायमची सांभाळावी लागतात. एचटीटीपीत आजही 'एक्स-जीझिप' म्हणजे 'जीझिप' समजा असं लिहावं लागतं ते त्यामुळेच. खाजगी मूल्य हवंच असेल तर स्वतःच्या मालकीच्या डोमेनचा पूर्ण यूआरआय (वेब पत्ता) लिहू द्या. दोघांचं नाव आपटत नाही आणि नोंदणीही लागत नाही. लिंकच्या 'रेल' (दोन पानांमधलं नातं सांगणाऱ्या) मूल्यांसाठी आरएफसी ८२८८ मध्ये हीच सोय आहे.

निळीशाई

पहिल्या कलमात एक भोक आहे. 'इतर' हे रजिस्ट्रीतलं खरंखुरं मूल्य आहे, की फक्त अनोळखीसाठीचं वागणं? खरं मूल्य असेल तर लोक नवी नोंद करायच्या ऐवजी सरळ 'इतर' लिहितील आणि यादी वाढायची थांबेल. शिवाय फील्ड रिकामंच असेल तर काय, हे वेगळं लिहा. एचटीएमएलमध्ये मूल्य नसणं आणि मूल्य चुकीचं असणं यांच्या दोन वेगळ्या व्याख्या असतात. 'क्रॉसओरिजिन' लिहिलंच नाही तर सीओआरएस (दुसऱ्या साइटवरून फाइल मागवण्याचे नियम) लागू होत नाही, आणि लिहिलं पण मूल्य चुकलं तर ते 'अनॉनिमस' धरलं जातं. एकाच ॲट्रिब्यूटचे दोन परिणाम, दोन्ही ठरवून केलेले.

मोजपट्टी

तारखेचं कलम बघून माझा आक्षेप मागे घेते. फक्त 'वापरू नये' हा दर्जा यंत्राला वाचता येईल अशा रकान्यात द्या, शेजारी तारखेसह. नुसतं टिपेच्या मजकुरात लिहिलंत तर आमच्या तपासणी साधनांना ते दिसणार नाही.

तळटीप

तिन्ही बदल केले. 'एक्स-' गेलं, यूआरआय आला. 'इतर' आता रजिस्ट्रीत नाही, फक्त अनोळखी मूल्यासाठीचं वागणं म्हणून आहे, आणि रिकाम्या फील्डसाठी स्वतंत्र वाक्य आहे. दर्जा आणि तारीख दोन वेगळे रकाने झाले. राखीव निरर्थक मूल्यं चाचणी संचात घालायचं काम पहिलंपान यांनी स्वतःहून मागून घेतलंय. उरला तो तज्ज्ञ नेमण्याचा मुद्दा. एकच नेमला आणि तो कामात अडकला तर अर्ज पडून राहतात, म्हणून दोघं नेमायचं असं आजच्या बैठकीत मांडतो.